बिडाचं पान

मुनीरनं घण उचलायच्या आत पोचावं लागतं.
बीड वाकत नाही, तुटतं,
आणि तुटलेलं ट्रकमध्ये बरं मावतं.
जिनाचं छत उतरवत होते त्या दिवशी
मी सायकल बोरीच्या काट्यात तशीच टाकली.
"थांब बाप्पा, खांब ने, वरची वेल मले दे."
"चाचा, वेल असो का खांब, किलोले भाव एकच."
तोवर एक घाव बसला होता.

चाळीस वर्षं मी बाजारात मापारी.
बंडी नुसती पाहून सांगायचो:
अकरा क्विंटल, त्यात सात किलो ओल.
आता कोठ्यात कापूस नाही.
चौदा ब्रॅकेट,
जिन्याच्या दोन जाळीदार पायऱ्या,
एका अडतीच्या कठड्यातले नऊ भाले,
आणि पन्हाळाचं सिंहाचं तोंड,
ज्यात शेवंता लसूण ठेवते.
"लोकं म्हातारपणी देव देव करतेत," म्हणते,
"तुमी जंग गोळा करता."

डिझेल, तारेचा ब्रश.
आधी पोपटी ऑइलपेंट सुटतो,
कुठल्या तरी मालकाच्या पोराचं लग्न असावं.
खाली गेरू, त्याखाली डांबर,
त्याखाली एक निळा,
त्याचं नाव रंगाच्या दुकानात कोणाला येत नाही.
मग द्राक्षं.
आमच्या पंचक्रोशीत तेव्हा द्राक्ष पाहिलं तरी होतं कोणी?
बोटीतून आली, मालगाडीतून, मग बैलबंडीतून,
कापूस गेला त्याच वाटेनं, उलट्या पावली.
तेरा ब्रॅकेट, तेरा वेली,
प्रत्येकीच्या तिसऱ्या पानाला तीच खाच.

चौदावं हातात घेतलं आणि हात म्हणाला,
पाऊण किलो जास्त.
कड जाड. पाठीत वाळूचे दाणे अजून रुतलेले.
तीन दिवस खरवडलं.
पान होतं, पण पराटीचं.
घडाच्या जागी एकच बोंड, उकललेलं,
त्यातली एक फाक मुनीरच्या घावानं चिरलेली.

मूळचं कधी तरी तुटलं असेल.
मालकानं मोडकी वेल कोणापुढे तरी ठेवली असेल,
"अशीच पाहिजे."
त्याला द्राक्ष उमगलं नसेल,
किंवा उमगलं असेल.
ओतारी गल्लीतल्या धोंडबाजींनी ते उलटंपालटं करून पाहिलं.
"आमच्यातलाच कोणी," म्हणाले,
"पण बीड तर आमी ओततच नोतो."
आणि बराच वेळ परत दिलं नाही.

वीस फूट उंच होतं ते, वाशाखाली, अंधारात.
खाली बाया कचरा निवडायच्या, नाकाला पदर,
मान वर करायला सवड नसायची.

काल जोडून घेतलं.
वेल्डर म्हणाला, बिडाले घाई चालत नाही,
एकदम निवालं तर पुन्हा चिरतं, राखेत पुरून ठेवा.
चुलीची, शेजारच्या दोन घरांची, मागून आणली राख.
रात्री दोनदा उठलो,
हात घालून पाहिला.
अजून ऊन होतं.