हुकमावरून

बोटीचं नाव लॅपविंग.
म्हणजे टिटवी, जावई म्हणाला, फोनवर चित्र दाखवत.
म्हटलं, मग जपून हाक बाबा,
आमच्याकडची टिटवी समुद्र आटवते,
हा तर साधा कालवा.
त्याला कळलं नाही. वैजू हसली.
इंजिन सुरू झालं, टुक टुक टुक,
पलीकडच्या आळीत पिठाची गिरणी चालू असावी तसं.

ऑडलेमच्या माथ्यावरून खाली पंधरा लॉक.
लॉक म्हणजे कुलूपच,
किल्ली ग्लिनच्या पट्ट्याला खोचलेली, लोखंडी, वाकडी.
दाराच्या लाकडी दांड्याला पाठ लावून
तो मागे मागे रेटत जातो,
पावलांखाली विटांचे उंचवटे, शे-दोनशे वर्षांच्या टाचांसाठी.
बोट आत. दारं बंद. पाणी उतरू लागतं,
आणि पाण्याबरोबर आपणही, चहाच्या कपासकट.
शेवाळलेली भिंत वर वर चढत जाते,
आभाळ उरतं चिंचोळं, चौकटीएवढं.

सवयीनं हिशेब केला मी:
एका खेपेला नव्वद हजार लिटर, गळती धरून लाख.
लाख लिटर! सहा फूट खाली यायला!
नीरेच्या डाव्या कालव्यावर एवढ्यासाठी
पाटकऱ्याला घरी बसवला असता मी.

ग्लिन, हे पाणी भिजवतं काय?
काही नाही.
मग पाळी कुणाची?
जो आधी येईल त्याची.
आणि रात्री राखण?
तो बघतच राहिला माझ्याकडे.

पुलांना इथे नंबर आहेत.
ऐंशीच्या पुढच्या एका पुलाखाली वाकून जाताना
कोपऱ्यावरच्या लोखंडात खाचा दिसल्या, बोट बसेल एवढ्या.
घोडे ओढायचे बोटी, वैजू म्हणाली, दोराच्या खाचा आहेत त्या.
मी बोट घालून पाहिलं.
आमच्या विहिरीच्या काठावरच्या दगडाला अशाच होत्या.
तिथे दोर उभा जायचा, इथे आडवा,
एवढाच काय तो फरक.

कुत्रं घेऊन निघालेली एक म्हातारी
काठाकाठानं आम्हाला मागे टाकून गेली.
कुत्र्यानं वळून पाहिलं, कीव आल्यासारखं.
राखी बगळा जागचा हलला नाही,
साडेपाच वाजेपर्यंत टेबल न सोडणाऱ्या
आमच्या निकाळजे हेडक्लार्कसारखा.

एकतीस वर्षं मी कालव्याच्या काठानं फिरलो,
आधी सायकलवर, मग खात्याच्या जीपमधून.
पाण्यावर कधी नाही.
पाटी मीच रंगवून घेतली होती, मैलामैलावर:
कालव्यात उतरू नये. हुकमावरून.
उन्हाळी पाळीत पोरं उतरायचीच.
ओरडून उपयोग नसे, म्हणून कपडे उचलून चौकीत न्यायचो.
पोरं यायची मग, केळीचं पान धरून, हसत, रडत.
एकदा चौघांचे आणले, तिघे आले.
चौथा गहिनीनाथ.
बुडाला नव्हता, मी चौकशी केली.
बाप म्हणाला, शाळेचा एकच शर्ट होता, साहेब.
आता तुमच्याकडंच राहू द्या.
शिपायाबरोबर पाठवला मी. परत आला.
बदली होईपर्यंत चौकीच्या दारामागे खिळ्याला होता,
खिशावर शाईचा डाग.

हे मी कुणाला सांगितलं नाही.
नॅन्टविचच्या अलीकडे ग्लिननं खुंट्या ठोकल्या, दोर बांधले.
वैजूनं आत कांदा परतायला टाकला, बोटभर वास पसरला.
दिवसभरात किती आलो? नऊ मैल.
माणूस हे चालत आला असता, वाटेत झोप काढून.

ऊन होतं अजून, आठ वाजले तरी.
पुढच्या फळीवर बसलो, बूट काढले,
मोजे घडी करून बुटांत घातले,
आणि पाय सोडले पाण्यात, घोट्यापर्यंत.
गार. तळाचा गाळ वर येऊन चहासारखं झालं.
कुणी ओरडलं नाही.
काठावरून एक माणूस गेला,
छान हवा आहे, म्हणाला.
हो म्हणालो,
आणि बूट हळूच जवळ ओढून
मांडीखाली घेतले.