काही झालं का?

जिन्यात कोण आहे ते मला पावलांवरून कळतं.
रासेमा प्रत्येक पायरीशी भांडत चढते.
चौथ्या मजल्यावरची मुलं वरून खाली सांडतात.
आणि इब्रो, मिठाच्या खाणीतून निवृत्त,
एक पाऊल, मग काठी, मग श्वास,
मग विचार करून दुसरं पाऊल.

मी दाराच्या आत उभी. बूट घातलेले,
हातात कचऱ्याची पिशवी.
जिना रिकामा झाला की निघायचं.
कुणी भेटलंच तर विचारतं, मायेनंच विचारतं:
काही झालं का?

सहा वर्षं झाली.

पदवी भूगर्भशास्त्राची. आईनं ती काचेत घालून
टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर लावली.
रात्री बातम्या लागल्या की
माझ्या नावावर निवेदिकेचे ओठ हलतात.

तुझ्ला, या गावाचं नावच मिठावरून.
खालून मीठ उपसत गेले, वरची घरं खचत गेली.
किती उपसलं की किती खचतं,
ते गणित मला झोपेत विचारलं तरी येईल.
झोपेत कुणी विचारत नाही.

दर महिन्याला रोजगार कचेरीत शिक्का.
खिडकीतली फादिला मान वर करत नाही.
"विल्दाना. पुढची तारीख नऊ."
इतकं नेमकं बोलणारं माणूस मला आवडतं.

मुलाखतीत म्हणाले, स्वतःबद्दल सांगा.
सुरुवात कुठून करावी?
टेबलावर पाण्याची बाटली होती, तिच्यावरची यादी वाचली:
कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट.
माझा विचार संपला तेव्हा पुढचा मुलगा आत येत होता,
दारातूनच बोलत.

भाऊ स्टुटगार्टहून फोन करतो.
इकडे ये, वृद्धाश्रमात माणसं हवीत,
फक्त हसून बोलायचं असतं.
फक्त.

आई पहाटे चारला बेकरीत जाते.
मला जाग येऊ नये म्हणून ती दार इतकं हळू लावते
की रोज मी त्यानंच जागी होते.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी इब्रोचं पाऊल वाजलं नाही.
बुधवारीही नाही.
गुरुवारी मी दाराआड दोन तास काढले, पिशवी हातात तशीच,
आणि मग खाली जायच्या ऐवजी वर गेले.
दार वाजवताना हात मुलाखतीसारखा थरथरला.

इब्रोनंच उघडलं. धडधाकट.
पायात नवे बूट, रबरी तळाचे,
मुलीनं ग्रात्सहून पाठवलेले. काठीलाही रबराचं टोपण.
तीन दिवस मांजरासारखा ये-जा करत होता.
मला बघून तोच घाबरला:
"काही झालं का?"

तेच तीन शब्द.
"नाही," मी म्हटलं. "तुम्हालाच काही झालं का, म्हणून आले."

तो बराच वेळ दारात उभा राहिला.
त्यालाही सुरुवात कुठून करावी ते सुचत नसावं.
मग म्हणाला, "राजम्याचं सूप आहे. बस."

सूप खारट. खाणीत जन्म काढलेला हात.
आम्ही बोललो नाही.
एकदाच मी म्हटलं, तुमची ही भिंत खिडकीकडे झुकलीय,
दोनेक अंश.
"तीन," तो म्हणाला. "मी मोजलंय."
आणि वाडगा पुन्हा भरला.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
कुणाचं मीठच पोटात नव्हतं,
तर इतक्या रात्री मी कशाला जागले कोण जाणे.

सकाळी पिशवी घेऊन कानोसा घेतला.
रासेमा गेली, मुलं सांडून गेली, जिना रिकामा.
दार उघडलं तर समोर इब्रो,
हातात त्याची पिशवी.
दोघंही दचकलो.

त्यानं काही विचारलं नाही.
उरलेल्या पायऱ्या आम्ही त्याच्या चालीनं उतरलो.