चित्रा

पाऊस परतला, असं बातम्यांत सांगितलं होतं.
त्या भरवशावर मी नांदेडहून आलो,
मेहुण्याचा कॅमेरा मागून.
तीन दिवस, दोन लेन्स, छत्री नाही.

वेसाव्याला बोंबील वाळत होते,
वलांडीवर, तोंडात तोंड अडकवून.
मागून ऊन.
श्वास धरला, फोकस लावला,
आणि सर आली, आडवी, खारट.

"आत्ता कसला फोटू? कोपरा धर!"
हरकूबाय ओरडली.
मग अर्धा तास मी
ताडपत्रीचा एक कोपरा होतो,
आणि कॅमेरा तिच्या पाटीत,
पालथ्या घमेल्याखाली, कोरडा.

उघडलं, तोवर निम्मे भिजलेच होते.
ती काही बोलली नाही,
एकेक चाचपत राहिली.
मग घमेलं उचललं.
"कुठं दाबायचं?"

घरी येऊन पाहतो तर
समुद्र कलंडलेला,
माझं डोकं वरून कापलेलं,
कडेला तिचं बोट, धुरकट,
आणि मधोमध माझे दोन हात,
पाऊस थांबला तरी
वरच धरलेले.

मेहुणा म्हणाला, हा उडव, बिघडलाय.
मी कॅमेरा परत केला.
कार्ड नाही दिलं.