राखेचा दर

घाटावरच्या धाकट्या समाधीची उत्तरेची भिंत
कुणीतरी मागं सिमेंटनं बुजवली होती.
सिमेंट शाबूत. दगडाचे मात्र पोपडे सुटलेले,
नवी वहाण टाच सोलते तसे.

ते उकरायला दस्तगीर मिस्त्रींना अकरा दिवस लागले.
छिन्नी लहान, हातोडी त्याहून लहान.
ठोका मारून कान लावायचे, म्हणायचे,
"ह्यो दगूड अजून बोलतोय. ह्यो न्हाई."

आत जुना चुना निघाला, पिवळट,
आणि त्यात भाताच्या तुसाचा ठसा.
कुणाच्या खळ्यातलं तूस, कुठल्या सुगीचं,
नखाएवढी रेघ, पण जागची न हललेली.

तो तुकडा कागदात गुंडाळून मी वडणग्याला गेले,
शिदू जळव्याच्या गुऱ्हाळावर.
चुलाणापुढच्या खड्ड्यात बसून
तो चिपाडं आत सारत होता.
म्हटलं, राख हवी. दोन पोती.
"एवढी भांडी घासाया?"
म्हटलं, भिंतीला.
तो काहिलीवरच्या गुळव्याला ओरडून म्हणाला,
"बाई शिकलेली हाय, पर वाट चुकलीया."

पहिली राख काळी निघाली.
चुन्यात कालवली, वड्या पाडल्या.
अठ्ठाविसाव्या दिवशी बोटानं दाबली,
तर खव्यासारखी फुटली.
मिस्त्री काही बोलले नाहीत. हात धुतले.

परत गेले. शिदूनं सगळं ऐकून घेतलं.
"ओल्या चिपाडाची हाय ती, अर्धी कच्ची.
पहाटंच्या आदणाची घ्या, चुलाणाच्या पोटातली,
पिवळा जाळ पांढरा पडतोय तवाची.
हातावर घेतली तर वजन लागू ने."
मी हेच आकड्यांत शोधत होते सहा महिने.
त्याला सत्तावीस हंगाम ठाऊक होतं,
विचारलं नव्हतं कुणी.

मग राख वस्त्रगाळ केली, माझ्याच जुन्या ओढणीतून.
विरलेला चुना, वाळू, हिरड्याचं पाणी,
आणि मिस्त्रींच्या हट्टापायी गुळाचा एक खडा.
त्या रात्री सांध्यांवर मुंग्यांची रांग लागली.
सकाळी मिस्त्री खूश: "पास केली त्यांनी."

बिल मात्र अडलं.
दरसूचीत वाळू आहे, विटांचा चुरा आहे,
राखेला रकाना नाही.
कारकून म्हणाला, टाकाऊ माल विकत घेता येत नाही,
फार तर उचलून आणल्याचं भाडं लावा.

जुलैत पंचगंगा पायऱ्या चढून आली.
नऊ दिवस नुसता कळस दिसत होता.
पाणी उतरल्यावर गाळ खरवडून
मी सांध्यात नख रुतवलं. नख मोडलं.
दुसऱ्या सांध्यातही.
तिसऱ्यात चुना ओघळलेला;
तिथं आम्ही घाई केली होती,
आभाळ भरून आलं त्या संध्याकाळी.

दसऱ्यानंतर, चुलाण पेटायच्या आधी, शिदू बघायला आला.
भिंतीपुढं बराच वेळ उभा.
आपली राख त्याला ओळखू येईना.
मी पाकीट पुढं केलं, त्यानं हात मागं नेले.
"राखंचं पैसं घ्यायला मी काय मसणात बसतोय?"
मग मिस्त्रींच्या हौदाकडं वळला,
चंची सोडली, डबी उघडली:
"त्यातला बोटभर चुना तेवढा द्या.
बाजारातला लई भाजतोय तोंडाला."