सतरा नंबरचं ऊन

सुभाषनगरात आमची खोली तळमजल्याला.
ऊन येतं ते मार्चात, वीस मिनिटं.
उंबरा, मग पाण्याची घागर,
मग रापीच्या पात्यावर एकदा लकाकतं
आणि परत फिरतं.
तिकडं देवळात माणसं मोबाईल उंच धरून बघतात,
किरण चरणापर्यंत आलं का कमरेपर्यंत.
पेपरात येतं, कुठली इमारत आड आली.
आमच्या आड काय आलं
ते कुणी मोजलं नाही.

चपलेची वेणी घालायला उजेड लागतो.
एक पट्टी चुकली की सगळी उसवायची.
म्हणून भर बाराला दिवा.
मालक जिन्यात उभा राहून म्हणायचा,
"सातपुतेबाई, दुपारीच दिवाळी?"
गच्ची त्याची. कुलूप त्याचं.
सांडगे घालायलासुद्धा विचारून जायचं.

मग शाळेच्या छपरावर सोलर बसणार अशी हूल उठली.
प्रणोती नेजकर नावाची पोरगी तालमीत आली,
कमरेला पाने-पक्कडीचा पट्टा.
म्हणाली, ज्याला गच्ची नाही त्यानंच वाटा घ्यायचा.
एक पॅनेल, चोवीस हप्ते, बिलात वजावट.
बोंद्रे वस्ताद म्हणाले,
"आणि ऊन घरात येणार कसं? बादलीतनं?"
सगळी हसली. मी पण हसलो.
(कोल्हापूरची बाई मी, 'हसलो'च म्हणतो.)

तेव्हा इस्त्रीवाले रजाकभाई बोलले, कधी न बोलणारे.
"गावाकडं माझी म्हैस. दूध संस्थेला घालतो.
सगळ्या गावाचं एकाच कॅनात.
माझ्या चहात माझ्याच म्हशीचं पडतं व्हय?
पण पुस्तकात माझं लिटर माझं, माझं फॅट माझं.
दहा दिवसाला बिल."
तालीम गप्प.
दुधावरनं भांडणारे आमच्याकडं ढीगभर,
दुधाचा हिशेब न कळणारा एक नाही.

मला सतरा नंबर आला.
दोन हप्ते चुकले, ते चपलांच्या जोडांवर भागवले.
रविवारी ओलं फडकं घेऊन शिडी चढतो,
कबुतरांची घाण पुसतो.
चाळीस वर्षं या गावात, पण
टेंबलाईची टेकडी एवढी जवळ आहे
हे वर गेल्यावरच कळलं.

आषाढात सतरा नंबर नुसता भिजला.
बिल पहिल्यासारखंच.
वस्ताद मुद्दाम दारात थांबले,
"काय, आटली का म्हैस?"
म्हटलं, भाकड काळ आहे. विईल परत.

आता म्हणे महापालिका पण
पाणी उपसायच्या पंपांना वीज बाहेरनं घेणार,
कुठल्या माळावरचं ऊन, कुठल्या पठारावरचा वारा,
पंधरा वर्षांचा भाव बांधून.
सभेत कुणी विचारलं, भाव बांधणं म्हणजे काय?
ते मला विचारा.
व्यापारी सीझनआधी जोडाचा भाव बांधतो,
मग चामडं कितीही चढू दे, मरण आमचं.
या खेपेला बांधणारे आम्ही.

आज बाराला दिवा लावला.
रस्त्यापलीकडचं ऊन
खांबावरनं, मीटरमधनं,
लांबच्या वाटेनं का होईना, आत आलं.
चौथा पदर पाचव्याखालनं काढला.
मालक जिन्यात होता. बोलला नाही.
वर त्याची गच्ची
कुलपाआड नुसतीच तापत होती.