दुसरी पाळी

कुबेर मगदूमचं कार्ड मी पंच करायचो.
आता सांगायला हरकत नाही.
उद्यमनगरातल्या त्या कारखान्याच्या जागी
मोटारींचं शोरूम झालंय
आणि टाइम ऑफिसचे पाटणकर
परवाच्या अमावास्येला गेले.

पाळी तीनला. मॅच चारला.
हिशेब तुम्हीच करा.
तो सायकलवरून स्टेडियमकडे,
मी दोन लेथच्या मध्ये :
त्याचे बुश, माझे बुश,
कूलंटचा दुधट वास,
आणि वारा इकडचा असला
की गोलचा आवाज येऊन पत्र्यावर आदळायचा.
मी मशीन थांबवायचो.
कुणाचा गोल, ते कळायचं नाही.
आपल्या पेठेचा असला तर
मागनं फटाके यायचे.

चौदा सीझन.
पैसे? काय बोलता.
जिंकला तर गंगावेशीच्या कट्ट्यावर
म्हशीच्या धारेचं दूध,
ओठावरचा फेस न पुसता
पेठेतनं चालत घरी.
सात नंबरची जर्सी त्याची आई धुवायची,
दोरीवर वाळत असली
तर शेजारणीला पदर लागू द्यायची नाही.
बूट एकच जोड.
त्याचे तळ पापाच्या तिकटीच्या तिमाप्पानं
चपलेच्या कातड्यानं तीनदा बदललेले,
पळताना करकर वाजायचे म्हणे.
म्हणे, कारण मी पाहिलं नाही.
मी त्याची एकही मॅच पाहिलेली नाही.

मग एका वर्षी
तो रस्त्यापलीकडच्या पेठेकडनं खेळला.
धाकट्या भावाला त्यांच्या अध्यक्षानं
पाणीपुरवठ्यात चिकटवला होता,
एवढंच कारण.
पण पेठेला कारण लागत नाही.
न्हाव्यानं त्याला बाकड्यावर बसवून ठेवलं,
मागनं आलेले पुढे घेतले.
तालमीच्या पायरीवर कुणी सरकून जागा दिली नाही.
आईनं ती दुसऱ्या रंगाची जर्सी
चुलीमागं वाळवली, धुरात.
मीही बोललो नाही.
कार्ड मात्र पंच केलं.

त्या सीझनला आमच्याविरुद्ध
आवाज आला, मशीन थांबवलं,
आणि फटाके भलत्याच बाजूनं वाजले.
मला कळलं, कुणाचा पाय लागलाय.
आनंद झाला म्हणालो तर पेठ जगू देणार नाही.
बुश एक सूत जास्त कापला गेला,
तो मी भंगारात खालून घातला.

पुढल्या वर्षी परत आला.
कुणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.
सात नंबर तोवर इंगवल्यांच्या पोरानं घेतलेला,
याला सोळा मिळाला.

गुडघा गेला तो फायनलला नव्हे.
फायनलला गेला असता तर फोटो तरी आला असता.
पेटाळ्यावर, सकाळी साडेसहाला,
पोरांना कॉर्नर कसा घ्यायचा
ते दाखवताना.
पोरं हसली. त्यांना वाटलं, सोंग करतोय.

त्यानंतर तो तीनला यायला लागला.
स्वतःचं कार्ड स्वतः पंच करायचा,
पहिल्या दिवशी भोक कुठे दाबायचं
ते मला विचारावं लागलं.
पाटणकरांनी चष्म्यावरनं बघितलं,
आणि परत वहीत बघितलं.

चार वाजले. साडेचार.
वारा तिकडनंच होता.
पत्र्यावर तो आवाज आदळला
आणि सवयीनं मी मशीन थांबवलं.

त्याचं चालूच होतं.
मान वर न करता,
फिरत्या जॉबवर बोट ठेवल्यासारखा म्हणाला,
''चालू कर. बाहेर गेला.
गोलचा आवाज असा मध्येच बसत नाही.''

आम्ही थांबलो.
फटाके आले नाहीत.

चौदा सीझन मी
किती हुकलेल्या बॉलांसाठी
मशीन बंद केलं असेल,
कोण जाणे.
त्याला सांगितलं नाही.
त्याच्या वाटचे बुश
त्या दिवशी त्यानंच केले,
दोन कमी भरले,
ते मी माझ्यातले घातले.