पाणी कुठं मुरलं

औद्रोनेनं वही आणली आहे, तीच, निळ्या पुठ्ठ्याची,
आमच्या वर्गाच्या हजेरीची.
विभाग बंद पडला तेव्हा तिनं ती कपाटातून उचलली,
चोरली म्हणा.
एकतीस नावं. नावांपुढे पेन्सिलीनं हुद्दे आणि पत्ते,
इतक्यांदा खोडलेले की कागद पलीकडचं दाखवू लागलाय.

कौनसमध्ये दोन नद्या मिळतात तिथं,
काचेच्या उपाहारगृहात आम्ही नऊ जण.
काळा पाव, धुरावलेली वाम,
आणि मेनू आल्याबरोबर नऊ चष्मे एकदम बाहेर.

आम्ही दलदल सुकवायला शिकलो होतो.
एवढीच विद्या.
किती उतार दिला की पाणी आपणहून चालू लागतं,
मातीचे नळ किती खोल पुरायचे, किती अंतरावर,
झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचो.
पदवी हातात आली त्या वसंतात
देश दुसराच झाला,
सामूहिक शेतं मोडली,
आणि आमचा उतार कुणालाच नको होता.

मग ज्याला जिकडं वाट मिळाली तो तिकडं वाहिला.
गिन्तारस आयर्लंडात अळंब्या खुडायला गेला,
आता त्याच्याच तीन शेड आहेत, आणि तो फोन उचलत नाही.
दाइनोरा दातांच्या दवाखान्यात हिशेब ठेवते.
आल्विदसनं चौदा वर्षं ट्रक चालवला, रॉटरडॅम ते रिगा;
आता उभ्यानंच जेवतो, पाठ बसू देत नाही.
दांगुओले निवडणुकीला उभी राहिली होती,
एक्केचाळीस मतांनी पडली.
ते एक्केचाळीस जण कोण, हे तिला
नावानिशी माहीत आहे म्हणते.
आणि वाल्देमारस?
औद्रोने पान उलटते.
मेलेल्यांच्या नावापुढे ती स्मशानाची रांग लिहिते,
त्याच्यापुढे चौऱ्याण्णवपासून नुसतं प्रश्नचिन्ह.

मी पानेवेझिसच्या नगरपालिकेत, पाणीपट्टी विभागात.
कुणाच्या घरात पाणी मुरतंय ते शोधते.
सगळे हसले. मीही, दरवेळी हसते तशी.

रिमविदस टोकाला बसला होता.
पाचही वर्षं तो पहिला, मी दुसरी.
किती पाण्यात पाहिलं मी त्याला, त्याला कळलंही नसेल.
"तू काय करतोस सध्या?"
"चर बुजवतो," तो म्हणाला.

उत्तरेकडं, लाटव्हियाच्या सीमेलगत,
फळ्या ठोकून, पीट दाबून, बांध घालून
तो पाणी अडवतो.
दलदल परत आणायची असते, त्याचा पगार मिळतो.
मागच्या वर्षी एक चर लागला, नकाशावर कोपऱ्यात सही:
अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यातली, त्याची स्वतःची.
"उतार अचूक होता," तो म्हणाला,
आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या,
शाबासकी मिळाल्यावर तेव्हा व्हायच्या तशा.

मोबाइल हातोहात फिरला.
गुडघाभर पाण्यात वाळत चाललेले पाइन,
पांढरे बोंडांचे गवत, लांबवर दोन क्रौंच, किंवा डाग.
"झाडं मरतायत रे," दाइनोरा म्हणाली.
"हो," तो म्हणाला, "ती आपल्यामुळे आली होती."

थोडा वेळ कुणी पाव कापला नाही.
मला विचारायचं होतं, किती दिवस लागतात,
बांध घातल्यावर पाणी वर यायला?
पण विचारलं ते दुसरंच: बायको बरी आहे ना?
"सात वर्षांपूर्वीच वेगळे झालो."
वहीत तसं नव्हतं.

औद्रोनेनं पेन्सिल ओली केली. "हुद्दा काय लिहू तुझा?"
त्यानं वही आपल्याकडं वळवली,
चष्मा कपाळावर ढकलून वाचलं:
दलदल निर्मूलन अभियंता.
"मधला शब्द तेवढा खोड."

तिनं खोडला, नेटानं, कागद फाटेल इतका,
आणि रबराचे कण
वामीच्या रिकाम्या बशीत झटकले.